राजी

परसातला वठलेला फणस तोडायचा म्हणून परवानगीचा अर्ज लिहायला बसलो आणि 'आज्ञापत्रा'तला एक शब्द आठवला: राजी.

रामचंद्रपंत अमात्यांनी सुमारे १७१५ साली लिहिलेल्या त्या ग्रंथात (लोक त्याला थेट शिवाजी महाराजांचं पत्र करून टाकतात, ते सोडा) आरमारासाठी लाकूड तोडायचे नियम आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही. झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून न्यायचं. म्हणजे अर्जदार सरकार! १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत तेच आंबा-फणस आहेत, फक्त अर्जदार मी आहे. मधल्या काळात ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ पासून मलबारात खासगी रानातल्या सागावरही मक्तेदारी बसवली, तीही जहाजांसाठीच. ती १८२३ मध्ये उठली. पुढचे वनकायदे सगळ्यांना ठाऊक आहेत.

पण धन्याचं ते 'राजी' गेलं कुठे? माझ्या मते, राजीनाम्यात.

राजी म्हणजे संतुष्ट, शब्द अरबी. त्याला फारसी 'नामा' जोडला की संमतिपत्र. हिंदीत राजीनामा म्हणजे आजही तडजोड. नोकरी सोडतात ती इस्तीफा देऊन. मग मराठीत खुर्ची सोडणं कुठून आलं? कुणी म्हणेल, कोर्टातल्या तडजोडीत माणूस हक्क सोडतोच, तिथून. मला ते पटत नाही. तसं असतं तर हिंदीतही अर्थ बदलला असता. कोर्टं तिकडेही होतीच. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत. रयतवारीत मध्ये जमीनदार नाही, म्हणून सोडचिठ्ठी थेट सरकारला. मद्रास इलाखाही बहुतांशी रयतवारी, आणि तमिळ-तेलुगूतही राजीनामा म्हणजे पद सोडणं! जमीन सोडणाऱ्याचा कागद पुढे कारकुनाने उचलला, एवढंच.

नेपाळी मात्र आडवी येते. तिथे रयतवारी नव्हती, तरी राजीनामा म्हणजे पदत्यागच. पण तिथल्या जमीनविक्रीच्या दस्तालाही राजीनामाच म्हणतात. जमीन तिथेही आहेच. माझा हट्ट कायम.

कुणाच्या घरी जुन्या दप्तरात जमिनीचा राजीनामा असेल, तर त्यात बांधावरच्या झाडांचा उल्लेख आहे का, तेवढं पाहून कळवा.