काउंटर नको, मोजणी हवी

महाविद्यालयाचा विषयनिवडीचा फॉर्म घ्या. पडद्यावर बारा ऐच्छिक विषय, प्रत्येकापुढे एक चेकबॉक्स. त्यांतले नेमके चार निवडायचे. खाली ‘निवडलेले विषय’ असा आकडा दिसायला हवा, आणि तो चार झाल्याखेरीज ‘सादर करा’ हे बटण चालू होता कामा नये. डेस्कटॉपसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला असले काम येते आणि बहुतेकांचे हात त्यावर एकच उत्तर लिहितात : शून्यापासून सुरू होणारा काउंटर ठेवा, टिक केली की एक मिळवा, काढली की एक वजा करा. हे उत्तर चुकीचे आहे, दर बदलानंतर टिक केलेले चौकोन नव्याने मोजावेत, असे माझे म्हणणे आहे. मोठ्या प्रोग्रामात ते चुकीचे आहेच, पण बारा चौकोनांच्या या फॉर्मातही ते चुकीचेच आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. काउंटरवाले म्हणतात की एकच चौकोन बदलला असताना बाराच्या बारा पुन्हा तपासणे हे वाया गेलेले काम आहे. शिवाय साधनांची रचनाच काउंटरला अनुकूल दिसते. जावाच्या स्विंगमध्ये चेकबॉक्स बदलला की आयटमलिसनरला जो इव्हेंट मिळतो, तो ‘सिलेक्टेड’ की ‘डिसिलेक्टेड’ हे स्वतःच सांगतो. मग अधिक-उणे करायला आणखी काय हवे? तिसरा युक्तिवाद व्यवहारातला आहे. दुकानदार दर विक्रीनंतर सगळा गल्ला मोजत नाही, वहीत शिल्लक पुढे ओढतो.

आता या शिल्लकेचा आधार तपासू. काउंटर बरोबर असायला तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात : सुरुवातीचा आकडा बरोबर हवा, प्रत्येक बदल कानावर पडायला हवा आणि तो एकदाच पडायला हवा. तिन्ही गोष्टी अगदी सहज मोडतात. स्विंगमध्ये चेकबॉक्स तयार करतानाच त्याला ‘ट्रू’ दिले तर तो टिक होऊनच जन्माला येतो. लिसनर नंतर जोडला जातो आणि काउंटर शून्यावरच राहतो. टिक केलेला चौकोन पॅनेलवरून काढून टाकला तर आयटमइव्हेंट येत नाही, कारण चौकोनाची स्थिती बदललेलीच नसते, तो फक्त पडद्यावरून गेलेला असतो. तोच लिसनर चुकून दोनदा जोडला गेला तर एका टिकेमागे दोन मिळवले जातात.

सर्वांत घातक आहे ते न ऐकू येणे. वापरणाऱ्याने माउसने टिक केली तर स्विंगमध्ये ॲक्शनलिसनर आणि आयटमलिसनर दोघांनाही वर्दी मिळते. पण प्रोग्रामनेच ‘सेट-सिलेक्टेड’ वापरून टिक बदलली, तर वर्दी फक्त आयटमलिसनरला जाते. म्हणजे ॲक्शनलिसनरवर बांधलेला काउंटर ‘सगळे पुसा’ हे बटण दाबल्यावरही जुनाच आकडा दाखवत राहतो. क्यूटी (Qt) या साधनसंचात हाच भेद ‘क्लिक्ड’ आणि ‘टॉगल्ड’ या दोन सिग्नलांत आहे. टीके (Tk) या साधनसंचात चेकबॉक्सला जोडलेले व्हेरिएबल प्रोग्रामने बदलले तर त्याची ‘कमांड’ चालतच नाही.

यावर काउंटरवाला म्हणेल, ‘मग योग्य लिसनर वापरा, आकडा बरोबर येईल.’ आज येईलही. पण मग त्या आकड्याचा खरेपणा पुढे या प्रोग्रामात कोणीही लिहील त्या प्रत्येक ओळीवर टांगलेला राहतो. शिवाय एक टिक निसटली की चूक कायमची आत बसते, पुढचे प्रत्येक बरोबर अधिक-उणे तिला तसेच पुढे नेते. दर वेळी नव्याने मोजणारा लूप मागचे काहीच लक्षात ठेवत नाही, त्यामुळे एखादी वर्दी हुकली तरी पुढच्या मोजणीत आकडा आपोआप सरळ होतो. दुकानदाराच्या वहीचा दाखलाही इथे लागू पडत नाही. वहीत शिल्लकेबरोबर प्रत्येक नोंद असते आणि संशय आला की ती तपासता येते. काउंटरकडे फक्त शेवटचा आकडा असतो.

वेगाचा आक्षेप तर आकडे मांडताच गळून पडतो. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो असे धरले तर दोन चित्रांमध्ये साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. बारा बुलियन तपासायला त्यातला नगण्य अंशही लागत नाही. ज्या लेबलवर तो आकडा छापायचा, ते रंगवायलाच याहून कितीतरी जास्त काम पडते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७४ साली अकाली काटकसरीविरुद्ध जो इशारा दिला, तो अशाच जागांसाठी होता. चौकोन १ लाख असले तरी बिघडत नाही. जावाच्या बिटसेटमध्ये त्यांच्या स्थिती ६४ बिटांच्या १,५६३ शब्दांत मावतात आणि ‘कार्डिनॅलिटी’ ही एक हाक त्यांतले ‘१’ असलेले बिट मोजून देते.

मोजणीच्या बाजूलाही एक खड्डा आहे, तो लपवणे योग्य नाही. विंडोज फॉर्म्समधल्या चेक्डलिस्टबॉक्सचा ‘आयटमचेक’ हा इव्हेंट स्थिती बदलण्यापूर्वी येतो. त्याच क्षणी मोजले तर आकडा एका टिकेने मागे राहतो. हे पाहून अनेक जण काउंटरकडे वळतात. उपाय मात्र वेळ बदलण्याचा आहे : ‘बिगिनइन्व्होक’ने मोजणी संदेशांच्या रांगेत मागे ढकलली की बदल झाल्यावरच ती होते.

मोजायचे कशात, हा प्रश्न यापेक्षा महत्त्वाचा आहे. काउंटर सोडलेले काही जण पॅनेलमधले सगळे घटक फिरून जे चेकबॉक्स सापडतील ते मोजतात. तेही मला मान्य नाही. ‘सर्व निवडा’ हा चौकोन त्यात विषय म्हणून मोजला जातो, आणि आतल्या दुसऱ्या पॅनेलमधले विषय सुटतात. स्विंगच्या जेटेबलमध्ये तर ओळीओळीला स्वतंत्र चेकबॉक्स नसतोच. एकच रेंडरर प्रत्येक खणात चित्र उमटवत जातो. २००६ च्या जावा ६ पासून आलेल्या रोसॉर्टरने ओळी गाळल्या, तर टिक केलेल्या ओळी पडद्याआड जातात, पण निवड कायम असते. खरी स्थिती टेबलमॉडेलमध्ये असते, पडद्यावर तिचे फक्त दर्शन असते. हा भेद ट्रिग्व्हे रीन्सकौग यांनी झेरॉक्स पार्कमध्ये १९७९ च्या सुमारास मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या मांडणीत स्पष्ट केला. म्हणून विषय आणि त्यांच्या निवडीची यादी आपल्या मॉडेलमध्ये ठेवावी, आकडा त्या यादीतूनच काढावा, आणि लेबल व बटण दोघांनाही तोच द्यावा.

एक सूट मी मान्य करतो. नोंदी डेटाबेसमध्ये कोट्यवधी असतील तर बेरीज साठवून ठेवावी लागते. पण तेव्हा ती मॉडेलच्या आत असावी, जिथे प्रत्येक बदल एकाच दारातून जातो, आणि अधूनमधून मूळ नोंदींशी ताडून पाहिली जावी. लिसनरांत विखुरलेल्या अधिक-उणेला ही सूट लागू नाही.

आणि फॉर्ममध्ये उद्या तिसरी स्थिती आली तर? विषय निवडला, पण विभागाची मान्यता बाकी, म्हणून चौकोन अर्धवट भरलेला. चेक्डलिस्टबॉक्सचा ‘चेक्डआयटम्स’ हा संग्रह अशा अर्धवट नोंदीही धरतो, म्हणून त्यांना निवडलेले मानायचे की नाही हे आपणच ठरवले पाहिजे. तीन स्थितींत एकीतून दुसरीत जाण्याचे सहा मार्ग होतात. काउंटरला त्या सहाही मार्गांसाठी अधिक, उणे की काहीच नाही हे वेगवेगळे सांगावे लागते, मोजणीत मात्र लूपमधली एक अट बदलली की पुरते.