लक्ष्यित ऑनलाइन जाहिरात : परिणामकारकता

एखाद्याने इंटरनेटवर काय शोधले, कोणती संकेतस्थळे पाहिली, तो कुठे राहतो, त्याचे वय काय, यावरून त्याला निवडून दाखवलेल्या जाहिरातीला लक्ष्यित जाहिरात म्हणतात. गूगल आणि मेटा या कंपन्यांचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते. परंतु या निवडीमुळे विक्री खरोखर किती वाढते, हे ठरवणे फार अवघड आहे.

अडचण निवडीतच आहे. बूट पाहून गेलेल्या ग्राहकाला पुढचे चार दिवस त्याच बुटांची जाहिरात दिसत राहते आणि अखेर तो बूट घेतो. विक्रीचे श्रेय जाहिरातीच्या खात्यात जमा होते. पण ज्याने बूट घ्यायचे जवळजवळ ठरवलेच होते, त्यालाच शोधून ती दाखवली गेली होती! ती दिसली नसती तरी त्याने बूट घेतले असते का, हे क्लिकच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी तशाच ग्राहकांच्या दुसऱ्या गटाला जाहिरात न दाखवता दोन्ही गटांची खरेदी ताडून पाहावी लागते.

अशी तपासणी ऑनलाइन खरेदी-विक्रीचे संकेतस्थळ चालवणाऱ्या ईबे कंपनीत झाली. मार्च २०१२ मध्ये कंपनीने अमेरिकेत याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर ‘ईबे’ हा शब्द असलेल्या शोधांसाठीच्या जाहिराती बंद केल्या. त्यांवरून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक शोधाच्या साध्या, फुकटच्या दुव्यावरून येऊ लागल्या. ‘ईबे’ असे टंकणाऱ्याला ईबेवरच जायचे होते. वाटेत जाहिरात आली म्हणून तो तिच्यावर बोट ठेवत होता, इतकेच. पुढे थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन ताडेलिस या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील सुमारे ३० टक्के विभागांत इतर शब्दांवरच्या गूगल जाहिरातीही थांबवल्या. विक्रीत पडलेला फरक एक टक्क्याहूनही कमी होता. तो योगायोगापासून वेगळा काढता येत नव्हता. नेहमीच्या हिशेबाने जिथे हजार टक्क्यांहून अधिक नफा दिसत होता, तिथे प्रयोगाच्या हिशेबाने ६३ टक्के तोटा निघाला. हे संशोधन २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यातील दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. नवे आणि क्वचित खरेदी करणारे ग्राहक जाहिरातीमुळे खरोखर वाढले. खर्चाचा मोठा भाग मात्र नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जात होता आणि त्यांच्यावर जाहिरातीचा काहीही परिणाम होत नव्हता.

ईबे ही सर्वांना माहीत असलेली कंपनी. तिचा धडा कोणालाही ठाऊक नसलेल्या नव्या दुकानाला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल.

इतर कंपन्यांनाही असे प्रयोग करणे सोपे नाही. रँडल लुईस आणि जस्टिन राव या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील २५ मोठे प्रयोग तपासले. त्यांपैकी बहुतेक प्रयोग लाखो ग्राहकांपर्यंत पोचले होते. तरीही परताव्याच्या अंदाजातील अनिश्चितता सर्वसाधारणपणे १०० टक्केबिंदूंहून जास्त होती. माणसांची खरेदी मुळातच इतकी कमीजास्त होते की जाहिरातीचा बारीकसा परिणाम त्यात हरवून जातो. प्रयोगाऐवजी निव्वळ संख्याशास्त्रीय आडाख्यांवर भिस्त ठेवावी, तर तेही दगा देतात. फेसबुकवरील १५ प्रयोगांच्या २०१९ सालच्या अभ्यासात असे आडाखे अनेकदा खऱ्या परिणामापासून फार दूर गेले होते.

निवडीसाठी वापरलेली माहितीही दरवेळी खात्रीची नसते. माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी पुरवलेल्या ग्राहकगटांची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पुरुष म्हणून विकलेल्या गटांतील सरासरी निम्म्याहून कमी व्यक्ती खरोखर पुरुष होत्या.

म्हणून लक्ष्यीकरण कुचकामी म्हणावे का? तसे नाही. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर पाळत ठेवण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी घेणे ॲपना बंधनकारक केले. त्यामुळे २०२२ च्या उत्पन्नात सुमारे १० अब्ज डॉलरची घट होईल, असा अंदाज मेटाने जाहीर केला. मेटाच्या संशोधकांचाही सहभाग असलेल्या एका अभ्यासात, बाहेरच्या संकेतस्थळांवरची माहिती काढून घेतल्यावर जाहिरातीमुळे मिळणाऱ्या प्रत्येक जास्तीच्या ग्राहकामागचा खर्च सुमारे ४४ डॉलरवरून ६० डॉलरवर गेला. सर्वाधिक फटका लहान जाहिरातदारांना बसला.