माशावरचा परजीवी मोबाईलने कसा ओळखायचा?

माशावर किडा दिसला की मी लगेच फोटो काढतो. पण ॲपने सांगितलेलं नाव खरं धरत नाही. एवढ्या लहान जिवांत ॲप सहज गडबडतं. आधी झूम करून हे बघा:

आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ: गोड्या पाण्यात जास्त. चपटा, काही मिलिमीटरचा, खालून दोन गोल चूषक.

लर्निया: कातडीतून लोंबणारा दोरा, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. डोकं नांगरासारखं आत रुतलेलं असतं. ओढू नका, तुटतं.

सायमोथोआ: समुद्री माशाच्या तोंडात, आकडेदार पायांच्या सात जोड्या.

माझा पहिला फोटो वायाच गेला, कारण त्यात मापच नव्हतं. म्हणून शेजारी पट्टी ठेवा. मासा कोणता, किडा अंगावर कुठे होता, ठिकाण आणि तारीख लिहा. मगच तज्ज्ञाला पाठवा.