केस कोणाचे, कात्री कोणाची

केसाने गळा कापणे, शेंडी लावणे, बिनपाण्याने हजामत करणे, केसालाही धक्का न लावणे... मराठी शिकवायचे तेव्हा केसांवरचे आठ-दहा वाक्प्रचार एका दमात फळ्यावर निघायचे. मुलं हसायची. भाषेत एखाद्या गोष्टीचा एवढा पसारा असला की समजावं, समाजाचं तिच्यावर बारीक लक्ष आहे. ज्याच्या डोक्यावर केस त्याचेच ते, इतकं सरळ आपल्याकडे कधी नव्हतं. आज त्याबद्दल लिहिते आहे. निमित्त घरचंच आहे, ते पुढे सांगते. आधी थोडा इतिहास.

सुरुवात केशवपनापासून करावी लागते. नवरा गेला की बाईचे केस काढायचे आणि तिला आलवण नेसवायचं. ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत, आणि त्यांचं पाहून आणखी काही घरांत. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत अशा एक आजी होत्या. न्हावी मागच्या दाराने यायचा, कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, आणि दहा मिनिटांत तो निघून जायचा. आजींना कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायची गोष्टच नव्हती ती.

या चालीविरुद्ध ज्यांनी लेखणी झिजवली त्यांतले आगरकर आमच्याच भागातले. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. आज टेंभू म्हटलं की लोकांना पाण्याची योजना आठवते, पण १८५६ साली आगरकरांचा जन्म तिथे झाला. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. पण लिहिणाऱ्यांच्या पुढे एक पाऊल टाकलं ते न्हाव्यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा झाली. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं तिथे ठरलं. पोटावर पाय येणार हे माहीत असून ठरवलं. ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला! मुलांना हा प्रसंग सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढायचा.

दुसरी गोष्ट जटेची. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात जट पाहिली नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. केस विंचरले नाहीत, त्यात धूळ, तेल, घाम बसला की गुंता घट्ट होत जातो. एवढंच त्याचं कारण. पण आपल्याकडे तिचा अर्थ लागला तो 'यल्लम्माचं बोलावणं आलं' असा. मग मुलीला सौंदत्तीला नेऊन देवीला सोडायचं, ती जोगतीण. मुलगा असेल तर लुगडं नेसवून जोगता. केसांच्या एका गुंत्यावरून पोरानं बाई म्हणून जगायचं की पुरुष म्हणून, हे इतरांनी ठरवलं. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत हे जग दाखवलं. त्यांवर बेतलेला 'जोगवा' २००९ साली आला. त्यातला तायप्पा पाहून आमच्या घरी कोणी रात्री नीट जेवलं नाही.

पण एक बाजू मात्र सिनेमात फारशी येत नाही. काही जोगत्यांना ते लुगडं आणि ते लांब केस मनापासून हवे होते. देवीच्या नावाखाली त्यांना जसं आहोत तसं वावरायला मिळायचं. म्हणजे तीच जट एकाला बेडी आणि दुसऱ्याला आसरा. फरक एवढाच की एकाला विचारलं नव्हतं आणि दुसऱ्याला ते हवंच होतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसने पुष्कळ बायकांच्या जटा काढल्या. तिथेही कार्यकर्ते आधी त्या बाईशी बोलतात, घरच्यांची भीती घालवतात, आणि तिने हो म्हटल्यावरच कात्री लावतात.

आता घरचं निमित्त.

माझ्या चुलत भावाचं एक नातवंड पुण्याला नोकरी करतं. यंदा गणपतीत आलं ते कमरेएवढी वेणी कापून. मागून बारीक, पुढे कपाळावर येणारे, कल्ले सरळ कापलेले. स्वतःला ते मुलगी मानत नाही, मुलगाही मानत नाही. याला हल्ली नॉन-बायनरी म्हणतात. घरात कुजबुज झाली, एका काकूंनी तर 'तिरुपतीला जाऊन आलीस का गं?' असं विचारलं. पोर हसलं, पण ताटावरून लवकर उठलं.

रात्री ते माझ्याजवळ बसलं. म्हणालं, आजी, सलूनवाल्याने 'लेडीज नाही' म्हणून परत पाठवलं. पार्लरमध्ये गेलो तर त्या 'एवढे बारीक नको, बॉयकट करू, बाईला शोभेल असा' म्हणत राहिल्या. तिसऱ्या दुकानात एका कारागिराने फक्त विचारलं, 'मानेवर रेघ सरळ मारू की उतरती? कल्ले ठेवू की टोकदार काढू?' त्याने विचारलं म्हणून रडायला आलं, असं पोर सांगत होतं. आरशात पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिसला म्हणे.

मला ते 'विचारलं' फार लागलं. गल्लीतल्या त्या आजींना कोणी विचारलं नव्हतं. जट आलेल्या पोरांना कोणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, तुला आता म्हणू काय? तर म्हणे, पोर म्हण, 'ते आलं' म्हण. प्रत्येकाला हे आवडेलच असं नाही, ज्याला त्याला विचारावं. पण मराठीत नपुंसकलिंग आहे आणि लेकरू, पोर, नातवंड हे मायेचे शब्द त्यातच आहेत, हे व्याकरणाच्या बाईला त्या रात्री नव्याने आवडलं. आणि आमच्या भागातल्या बायका तर सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात! शाळेत मी वहीत 'आले' लिहून घ्यायचे आणि घरी पाऊल टाकलं की स्वतःच 'आलो गं' म्हणायचे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. पेहराव, बोलणं, वागणं यांतून ते व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असंही म्हटलं. पुढे कायदे झाले, त्यांवर वादही झाले. पण घरातली पंगत कोर्टाच्या निकालाने चालत नाही. ती आपल्यालाच सांभाळावी लागते.

आणि कुंडलकरांना हे जड जाऊ नये. आपल्या डोंगरावर झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ आहेत. दिगंबर जैन मुनी आणि आर्यिका दोघेही स्वतःच्या हाताने केस उपटतात, त्या केशलोचाला आपण हात जोडतो. तिरुपतीला केस देऊन आलेल्या बाईच्या पाया पडतो. म्हणजे स्वतःच्या निश्चयाने कोणी केस उतरवले तर मान द्यायची रीत आपल्याकडे आहेच. देवासाठी उतरवले तर मान, आणि स्वतःची ओळख पटावी म्हणून उतरवले तर कुजबुज, हे काही मला पटत नाही.

१९४३ ते ४६ या काळात याच कुंडल परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांनी प्रतिसरकार चालवलं. आपला कारभार आपण पाहू, असं इंग्रजांना सांगितलेलं हे गाव. आपल्या डोक्याचा कारभार आपण पाहतो, असं एका पोरानं म्हटलं तर त्यात एवढं बावरण्यासारखं काय आहे?

दिवाळीला ते पुन्हा येणार आहे. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. केस वाढलेत का, कापलेत का, हे त्याला विचारू नका. प्रवास कसा झाला ते विचारा, आणि ताटावर दोन करंज्या जास्त वाढा. ते लाजतं, मागत नाही.