कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि प्राप्तिकर : अमेरिकेतील कलम १२७ ची वाटचाल

प्रस्तावना

मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला, तर ती रक्कम वेतन समजून तिच्यावर प्राप्तिकर आकारावा काय? अमेरिकेच्या करव्यवस्थेने या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. प्रस्तुत लेखात या बदलांचा आढावा घेऊन त्यांच्या मुळाशी समान संधीचा प्रश्न होता, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

सध्याच्या कामाशी संबंधाची कसोटी

व्हर्जिनियातील शिक्षिका नोरा हिल यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठी स्वतः केलेला खर्च व्यावसायिक खर्च म्हणून वजावटीस पात्र असल्याचा निर्णय अपील न्यायालयाने १९५० मध्ये दिला. पुढे १९६७ च्या नियमांनी कसोटी निश्चित केली. सध्याच्या कामातील कौशल्य टिकविणाऱ्या वा वाढविणाऱ्या शिक्षणास सवलत मिळाली. नव्या व्यवसायास पात्र करणाऱ्या शिक्षणास ती नाकारली गेली. मालकाने भरलेल्या शुल्कासही हाच निकष लागू होता. परिणामी व्यवस्थापकाचा व्यवस्थापनविषयक अभ्यासक्रम करमुक्त ठरे. परंतु त्याच आस्थापनेतील सफाई कामगाराने लेखापाल होण्यासाठी घेतलेले शिक्षण करपात्र ठरे.

कलम १२७ : सवलत आणि अनिश्चितता

१९७८ च्या महसूल कायद्यातील कलम १२७ ने कामाशी संबंधाची अट दूर केली. तसेच मालकाच्या योजनेने उच्च वेतनधारकांना झुकते माप देऊ नये, असे बंधन घातले. मात्र ही तरतूद तात्पुरती होती. १९८३ अखेर तिची मुदत संपली. १९८४ मध्ये ती पूर्वलक्षी प्रभावाने पुनरुज्जीवित झाली, तेव्हा वार्षिक ५,००० डॉलरची मर्यादा आली; १९८६ मध्ये ती ५,२५० डॉलर झाली. १९९६ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम वगळले गेले आणि २००२ पासून पुन्हा समाविष्ट झाले. नोकरी सांभाळून पदवीसाठी अनेक वर्षे शिकणाऱ्या कर्मचाऱ्यास पुढील वर्षी कर लागेल की नाही, याची शाश्वती नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ही तरतूद कायम झाली. २०२० मध्ये मालकाने फेडलेल्या शैक्षणिक कर्जासही तात्पुरती सवलत मिळाली. २०२५ मध्ये तीही कायम करण्यात आली.

निष्कर्ष

१९८६ ची मर्यादा सुमारे चार दशके तशीच राहिल्याने महागाईने सवलतीचे मूल्य घटत गेले. २०२६ नंतरच्या वर्षांसाठी ती महागाईशी जोडण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात करण्यात आली. सवलत केवळ कायद्यात असून भागत नाही. तिला स्थैर्य नसेल व तिचे मूल्य टिकत नसेल, तर ज्याला तिची सर्वाधिक गरज असते तोच तिच्यावर विसंबून शिक्षण सुरू करू शकत नाही, असे या इतिहासावरून म्हणता येते.