इसार दिला, पण गाडी नको

मोजक्या संख्येने निघालेली स्पोर्ट्स कार वर्ष-दोन वर्षांतच जुन्या बाजारात का दिसते? गाडी वाईट निघाली असेल, असं आपण धरून चालतो. मला कारण रांगेत दिसतं. कंपनी किंमत ठरवते, पण गाड्या थोड्याच काढते. रांगेबाहेर राहिलेला जास्त द्यायला तयार असतो, आणि तो फरक रांगेतल्याच्या खिशात जातो.

जॅग्वारने १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात एक्सजे२२० दाखवली. पुढच्या वर्षी नोंदणी झाली: जास्तीत जास्त ३५० गाड्या, इसार ५०,००० पौंड. आपल्याकडे प्लॉटचा इसार देऊन तो चढ्या भावाने पुढे सरकवणारे असतात ना, तसे बरेच जण त्यात होते. १९९२ला गाड्या तयार झाल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये मंदी. वर बाराऐवजी सहाच सिलिंडर. सुटका मागायला काही गिऱ्हाइकं कोर्टात गेली. ३०० गाड्याही बनल्या नाहीत.

फोर्डने २०१७च्या जीटीसाठी वेगळी वाट धरली. पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०० हून अधिक अर्ज आले. निवडलेल्यांकडून दोन वर्षं न विकण्याचा करार करून घेतला. कुस्तीगीर जॉन सीनाने आधीच विकली. फोर्डने दावा ठोकला, २०१८मध्ये तडजोड झाली.