पुणे दरबारचे परराष्ट्र धोरण आणि इंग्रज-फ्रेंच सत्तास्पर्धा (१७७५-१८०२) : वास्तववादी मीमांसेची उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात वास्तववाद ही एक प्रभावी विचारसरणी मानली जाते. हान्स मॉर्गेन्थाऊ यांचा ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ (१९४८) आणि केनेथ वॉल्ट्झ यांचा ‘थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स’ (१९७९) हे तिचे आधारग्रंथ होत. या विचारसरणीची उदाहरणे मात्र बहुतांशी युरोपच्या इतिहासातून घेतली जातात. अथेन्स व स्पार्टा यांचे युद्ध, पहिल्या महायुद्धापूर्वीची ब्रिटन-जर्मनी स्पर्धा आणि शीतयुद्ध ही त्यांतील ठळक होत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हिंदुस्थान या दृष्टीने तितकाच अभ्यसनीय आहे. मोगल बादशहाची सत्ता नाममात्र उरली होती. पुणे, हैदराबाद, म्हैसूर, नागपूर व कलकत्ता ही सत्ताकेंद्रे परस्परांवर नजर ठेवून होती, आणि त्यांच्या मागे ब्रिटन व फ्रान्स या महासत्तांची जागतिक स्पर्धा उभी होती. या परिस्थितीत पुणे दरबारने आखलेल्या परराष्ट्र धोरणाचा उलगडा वास्तववादाने कितपत होतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तववादाची गृहीतके

वास्तववादाची गृहीतके थोडक्यात तीन आहेत. राज्यांवर हुकूम चालवणारी सर्वोच्च सत्ता नसते, म्हणून प्रत्येक राज्याला आपल्या रक्षणाची तजवीज स्वतःच करावी लागते. राज्य तत्त्वापेक्षा सामर्थ्य आणि हित पाहून मित्र निवडते. तिसरे असे की, परराष्ट्र व्यवहारात राज्य ही एकसंध व्यक्तीप्रमाणे वागणारी संस्था मानता येते. स्टीफन वॉल्ट यांनी ‘द ओरिजिन्स ऑफ अलायन्सेस’ (१९८७) या ग्रंथात त्यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. राज्ये केवळ बलाढ्य सत्तेविरुद्ध नव्हे, तर ज्या सत्तेपासून धोका जाणवतो तिच्याविरुद्ध एकत्र येतात, आणि धोका ठरवताना भौगोलिक जवळीकही मोजतात.

हा विचार मराठी राजनीतीला परका नव्हता. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’ या रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ग्रंथात टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकाठी व खाडीमुखाशी जागा देऊ नये, असे त्याचे तात्पर्य आहे. व्यापाऱ्याच्या आडून येणारी राजसत्ता ओळखण्याची ही दृष्टी वास्तववादीच म्हणावी लागेल.

फ्रेंच वकील आणि इंग्रजांचा धसका

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांविरुद्ध बारभाईंचे कारभारी मंडळ उभे राहिले. गादीवरून दूर झालेल्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो अमान्य करून कर्नल अप्टन यांना पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. मात्र मुंबईकरांची रघुनाथरावांविषयीची आस्था कमी झाली नाही.

या पार्श्वभूमीवर १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यास आला. त्याच्या अधिकाराविषयी शंका होत्या, तरीही नाना फडणीस यांनी त्याचे जाहीर स्वागत केले. फ्रेंचांकडून किती कुमक येईल यापेक्षा, ती येऊ शकेल ही भीती इंग्रजांच्या मनात राहणे नानांना अधिक मोलाचे वाटले असावे. हा डाव दुधारी होता. इंग्रज सावध झाले आणि पुण्यातील फ्रेंच वकील हेच मराठ्यांविरुद्ध पाऊल उचलण्याचे एक कारण ठरले. एकाने सुरक्षेसाठी केलेली तजवीज दुसऱ्याला धोक्याची वाटते, या सूत्राला वास्तववादी अभ्यासक ‘सुरक्षेचा पेच’ म्हणतात. पुणे दरबारात तो प्रत्यक्ष घडला.

१७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकन वसाहतींच्या बाजूने युद्धात उतरला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी पाँडिचेरी घेतली. फ्रेंचांचे मुख्य रणक्षेत्र अटलांटिकमध्ये होते. पुण्याचे महत्त्व त्यांच्या दृष्टीने इंग्रजांना गुंतवून ठेवण्यापुरते होते. सफ्रांचे आरमार हिंदी महासागरात लढत राहिले आणि बुसी मार्च १७८३ मध्ये येऊन पोहोचला. पण तोवर सालबाईचा तह होऊन गेला होता. युरोपातील तहाची वार्ता येताच फ्रेंचांनी टिपूलाही एकटे सोडले. दूरची महासत्ता आपल्या हिताच्या मापानेच मदत करते, हे वास्तववादाचे विधान येथे अक्षरशः खरे ठरते.

चौकडीची युती

जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईकरांच्या फौजेला मानहानीचा तह करावा लागला. त्यानंतर पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि नागपूर अशी इंग्रजविरोधी चौकडी आकारास आली. हे चौघेही एकमेकांचे जुने शत्रू होते. हैदरअलीने मराठ्यांचा मुलूख दाबला होता आणि निजामाशी पुण्याचे वैर तर पिढीजात होते. गुंटूर प्रकरणामुळे निजाम, माहे घेतल्यामुळे हैदर आणि रघुनाथरावांना आश्रय दिल्यामुळे पुणे इंग्रजांवर नाराज होते. सर्वांना एकच धोका जाणवला तेव्हा जुनी वैरे बाजूस पडली. सत्तासमतोलाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधणे कठीण आहे.

वॉरन हेस्टिंग्ज यांनी या युतीचे दुवे एकेक करून सैल केले. गुंटूर परत देऊन निजामाला शांत केले. त्यासाठी, आदेश पाळण्यात टाळाटाळ करणारे मद्रासचे प्रभारी गव्हर्नर व्हाइटहिल यांना १७८० मध्ये निलंबितही केले. मुधोजी भोसले यांची फौज बंगालकडे निघाली खरी, पण रेंगाळली आणि द्रव्य घेऊन थांबली. हैदर मात्र लढला. सप्टेंबर १७८० मध्ये पोलिलूर येथे त्याच्या फौजेने कर्नल बेली यांच्या तुकडीचा नाश केला. मराठ्यांनी १७८१ मध्ये बोरघाटातून गोडार्डला मागे रेटले. तथापि उत्तरेत ग्वाल्हेर इंग्रजांच्या हाती पडले होते. आपल्या मुलखावरचे संकट ओळखून महादजी शिंदे यांनी ऑक्टोबर १७८१ मध्ये कर्नल म्यूर यांच्याशी समेट केला. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पोर्तुगीजांखेरीज अन्य युरोपीयांना पेशव्यांच्या मुलखात थारा न देण्याचे ठरले आणि हैदरने जिंकलेला प्रदेश परत करावा असे कलमही घातले गेले. ज्याच्या भरवशावर हैदर लढत होता त्या मित्रानेच त्याच्याविरुद्ध शब्द दिला होता. नानांनी मान्यता लांबवली. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला, आणि त्यानंतरच पुण्याची मोहोर उमटली.

तह कोणाला बांधतो?

येथे वास्तववादाचे तिसरे गृहीतक अपुरे पडते. राज्य एकसंध मानले तर सालबाईचा उलगडा होत नाही, कारण पुणे आणि ग्वाल्हेर यांची हिते वेगळी होती. महादजी या तहाचे दोन्ही पक्षांसाठीचे हमीदार झाले. पेशव्यांचे सरदार स्वतःच्या धन्याच्या तहाला जामीन राहिले, हीच घटना मराठी सत्तेची रचना उघड करते.

इंग्रजही एकजिनसी नव्हते. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता यांची भांडणे सर्वश्रुत होती, आणि लंडनच्या संचालक मंडळाने तर कलकत्त्याने रद्द केलेल्या सुरतेच्या तहाला पसंती दर्शवली. फरक असा की, १७७३ च्या नियामक कायद्याने अंतिम शब्द कोणाचा याची चौकट घातली होती. मुंबईकरांच्या फौजेने वडगावला केलेला तह कलकत्त्याने १७७९ मध्ये झुगारून दिला. पुण्याला मात्र १७८२ मध्ये महादजींचा तह लांबवता आला, नाकारता आला नाही. वडगाव आणि सालबाई शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दोन सत्तांमधील खरे अंतर लक्षात येते. ते तोफांच्या संख्येहून अधिक, अधीनस्थाला बांधून ठेवण्याच्या क्षमतेत होते.

जवळचा शत्रू, मोठा शत्रू

१७९० मध्ये पुणे दरबार टिपूविरुद्ध इंग्रज व निजाम यांच्या बाजूस गेला. कृष्णा-तुंगभद्रा दुआबाचा वाद जिवंत होता आणि वॉल्ट यांच्या परिभाषेत टिपू हा जवळचा धोका होता. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले व मराठ्यांनाही वाटा मिळाला. परंतु इंग्रजांना शह देऊ शकणारी सत्ता त्यामुळे खिळखिळी झाली आणि १७९९ मध्ये ती नाहीशी झाली. १७९४ मध्ये महादजी व १८०० मध्ये नाना निवर्तले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईच्या तहाने तैनाती फौज स्वीकारली. पुढील वर्षी शिंदे व भोसले लढले तेव्हा होळकर अलग राहिले. होळकर लढले तेव्हा शिंदे व भोसले तह करून मोकळे झाले होते.

समारोप

पुणे दरबारच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाला त्या त्या क्षणी वास्तववादी आधार होता. फ्रेंच वकिलाचे स्वागत, चौकडीची युती आणि टिपूविरुद्धची मोहीम यांपैकी काहीही अविचाराने घडले नाही. म्हणूनच, मराठ्यांना परराष्ट्र नीती कळत नव्हती, हा सरसकट आरोप टिकत नाही. धोका कोणता हे १७७९ मध्ये अचूक ओळखले गेले होते; ते ओळखून घेतलेला निर्णय सर्व सरदारांवर बंधनकारक करणारी व्यवस्था नव्हती. मित्र आणि शत्रू कसे निवडले जातात हे वास्तववाद समाधानकारकपणे सांगतो. निवडलेली नीती टिकेल की नाही, हे समजण्यासाठी मात्र राज्याच्या आत पाहावे लागते. अठराव्या शतकातील पुण्याचा इतिहास या सिद्धान्ताला खोटे ठरवत नाही, त्याची सीमा कोठे आहे ते दाखवतो.